तळव्याला लागलेली मोहरी

कावेरीला मुलगी झाली तेव्हा पाटोद्यातल्या बायकांनी मुलगी गोरी की सावळी हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "सिझर झालं म्हणं?" आणि तेही आवाज खाली आणून, जणू पोरीनं काही चोरून केलं होतं. तेव्हा सिझर गावात नवीनच आलं होतं, एसटीडी फोन आणि थंड पेयांच्या बाटल्यांच्या मागोमाग. कावेरीचा नवरा वीरेश यानं त्याच वर्षी किराणा दुकानाला लागून काचेचा बूथ टाकला होता. बीडच्या दवाखान्यातून मुलगी झाल्याची खबर आली ती त्याच बूथवर, आणि समोर तीन गिऱ्हाईकं उभी असल्यानं ती घरात पोचायच्या आधी बाजारात पोचली.

कावेरीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. सासू नीलम्मा बाळंतपणात मुरलेली बाई. तिच्या हाताखालून सगळ्या भावकीच्या लेकी-सुना गेल्या होत्या. बाळंतिणीला पाटावर आडवं घालायचं, पोट खसाखसा चोळायचं, कढत पाणी ओतायचं, ओवा-शेपांची धुरी द्यायची आणि जुनं लुगडं फाडून पोट करकचून बांधायचं, ही तिची रीत. आता सून आली ती ओटीपोटावर टाके घेऊन, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलेलं की पोटाला बोटसुद्धा लावायचं नाही. नीलम्माचे हात नुसते शिवशिवत राहिले. राग भांड्यांवर निघायला लागला.

"मग मी करू काय? लांबूनच ओवाळू का तिला?" ती वीरेशला म्हणाली. वीरेश बूथकडं पळाला.

एका कामात मात्र नीलम्मानं कुणाला हात लावू दिला नाही. बाळाच्या अंघोळीचं पाणी मोरीत सोडायचं नाही. ते घमेल्यात धरायचं आणि मागच्या दाराशी जास्वंद होती, तिच्या आळ्यात ओतायचं. ते ती स्वतः ओतायची, सावकाश, वाकून. कावेरीला वाटलं, असेल काही कुळाचार. नव्या सुनेनं कशाकशाचं कारण विचारायचं?

कावेरीची काळजी वेगळीच होती. तिचे पाय परत आले नव्हते. दवाखान्यात पाठीत सुई टोचली तेव्हा कमरेखालचं सगळं अंग गेलं होतं. मग पोट आलं, ठणकत का होईना, मांड्या आल्या, पाय काही आले नाहीत. भिंत धरून ती चालायची, पण पाऊल कुठं पडतंय ते खाली बघूनच कळायचं. हात लावला तर गार. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं आणि हिचे तळवे माठाच्या बुडासारखे. वीरेशनं बूथवरून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सोमवारी घेऊन या, बघू.

सोमवारपर्यंत हातावर हात धरून बसणं नीलम्माच्या स्वभावात नव्हतं. तिनं हमीदाबीला बोलावलं.

हमीदाबी म्हणजे बसस्टँडवर फळांचा गाडा लावणाऱ्या पाशाची बायको. ती अंग चोळायची नाही, फक्त पाय. तिचं म्हणणं, माणूस सगळा तळव्यात असतो: अंगठ्यात डोकं, मधल्या खळग्यात पोट, टाचेत कंबर. पोटाला हात लावायची मनाई आहे ना, मग पायातून लावायचा. दाराला कडी असली तर खिडकीतून हाक मारतोच की आपण. तिच्याजवळ एक काशाची वाटी होती, कडा झिजून गुळगुळीत झालेली. तळव्याला गाईचं तूप लावायचं आणि ती वाटी गोल गोल फिरवत राहायचं. थोड्या वेळानं तूप काळं पडतं, मग अंगातली उष्णता उतरली म्हणायचं. शिकलेले लोक सांगतात की ते काळं काशाचंच असतं. असेल बापडं. बाळंतिणीला त्यानंतर झोप लागते, आणि झोपेपुढं बाळंतिणीला दुसरं काही सुचत नाही.

कावेरीच्या तळव्यावर तूप काळं पडलं नाही.

हमीदाबीनं जोर लावला, वाटी पुसून पुन्हा फिरवली. तूप पिवळंच. शेवटी तिनं तीच वाटी स्वतःच्या टाचेवर घासली. टाच बघता बघता काळी झाली.

"पाय लई गार हायेत, बेटी. येतील हळूहळू," ती म्हणाली. मग तिनं कावेरीला सुती मोजे चढवले. "तूप जिरेपर्यंत पाय जमिनीला लावायचा न्हाई बरं का. तुपकट पायाला जे लागंल ते चिकटतं."

कावेरीचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. झोळीत बाळ शांत झोपलं होतं. उशाशी मोजे ठेवलेले होते, एकात एक घालून, नीट. कावेरी मोजे कधीच असे ठेवत नसे. टाके सांभाळत तिनं गुडघा आडवा घेतला आणि तळवा बघितला. तळवाभर मोहरी चिकटली होती.

तिला आधी हसूच आलं. मग ध्यानात आलं की मोहरीचा डबा स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, आणि ती या बाजेवरून उतरलेली नाही.

नीलम्मा शेपांचं पाणी घेऊन आली, तिनं ते पाय बघितले आणि पेला खाली ठेवून तिथंच बसली. नखानं एक एक दाणा उचलून तिनं पदराच्या टोकात बांधला.

"सांडली असंल कुठं तरी," ती म्हणाली. पण बोलताना ती मागच्या दाराकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी हमीदाबी पाय चोळून गेल्यावर नीलम्मानं लुगड्याची चिंधी घेतली आणि कावेरीचे दोन्ही घोटे बाजेच्या पायथ्याच्या दांडीला बांधले. "झोपंत उठती तू. टाके तुटले तर काय घ्या," एवढंच बोलली. कावेरीला अपमान वाटला, पण भीती त्याहून मोठी होती. झोपायचं नाही असं ठरवून ती झोळीची दोरी ओढत राहिली. पत्रा तडतडत होता. बाहेर कावळाही ओरडत नव्हता. उन्हाची तिरीप हळूहळू भिंतीवरच्या फोटोवर चढली.

फोटो शिवकांताचा होता, वीरेशच्या पहिल्या बायकोचा. तिची हकीकत कावेरीला लग्नाआधीच सांगितलेली. पहिलटकरीण होती, कळा अडल्या, जीपमध्ये घालून बीडला नेत होते, मांजरसुंब्याच्या फाट्यावर जीपमध्येच गेली. म्हणून तर कावेरीला दिवस भरायच्या आधीच बीडला नेऊन ठेवलं होतं. फोटोत शिवकांता खुर्चीवर बसलेली होती. पाय फोटोत आले नव्हते.

जाग आली तेव्हा चिंधीची गाठ तशीच होती, नीलम्माच्या हातची, दुहेरी. आणि तळव्यांना कालच्यापेक्षा जास्त मोहरी होती. बोटांच्या बेचक्यांत काळी माती होती, वावरातली.

कावेरी ओरडली. नीलम्मा धावत आली, तिनं गाठ बघितली, पाय बघितले आणि पहिली गोष्ट केली ती ही, की झोळीतलं बाळ उचलून छातीशी धरलं.

"पोरीला उद्या सांजच्याला उमापूरला धाडते, माझ्या लेकीकडं," ती म्हणाली. "वरचं दूध घालंल ती. तू बरी झालीस की आणू."

"आत्याबाई! अंगावर पिती ती. कावून धाडता?"

"कावून ते विचारू नको. मी सांगते ते ऐक. तू आता तुझी एकटीची न्हाई राहिली."

लिंगायताला, शिवाच्या माणसाला भुताखेताची भीती नाही, असं घरचे गुरू जंगमस्वामी दर वर्षी येऊन सांगायचे. नीलम्मा कपाळभर विभूती लावून मान डोलवायची, आणि मोहरीचा डबा कायम शिगोशीग भरलेला ठेवायची. वीरेशनं आईला विरोध करायचा एक प्रयत्न केला. पण बायकोचे मातीनं भरलेले पाय आणि ती गाठ बघून त्याचंही अवसान गळालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची जीप ठरली.

कावेरी रात्रभर बाळाला छातीशी घेऊन पडून राहिली. दूध भरून येत होतं. आपल्या पायांचा तिला असा राग आला की तोडून टाकता आले असते तर तिनं ते तोडून टाकले असते.

सकाळ सरल्यावर हमीदाबी आली. नीलम्मा बाळाचे कपडे बांधण्यात गुंतली होती. हमीदाबीनं तूप लावलं, वाटी फिरवली, मग वाटी बाजूला ठेवून अंगठ्यानं तळव्याचा मधला खळगा दाबत गेली. एका जागी तिचा अंगठा थांबला. पुन्हा तिथंच आला. पुन्हा थांबला.

"बेटी, तुझा चिरा कुठं हाय?"

"खाली. आडवा."

"आडवाच ना? उभा तर न्हाई?"

"न्हाई, हमीदाखाला. कावून?"

हमीदाबीचा चेहरा उतरला. "ह्या पायात चिरा डाव्या अंगाला लागतोय. उभा. टाका न्हाई त्याला." तिनं अंगठा काढून पदराला पुसला. "असा चिरा मी एकदाच बघितलाय."

कावेरीनं तिचं मनगट धरलं. "सांगा."

हमीदाबीनं आधी दाराकडं बघून घेतलं, मग हळू आवाजात सांगितलं. "शिवकांता गेली तवा लेकरू पोटातच होतं. तसं पुरत न्हाईत. आईचं आईला, लेकराचं लेकराला, असं जाणत्यांनी सांगितलं. मंग घरी आणून डाव्या कुशीतून काढलं. पोरगा होता. मी तिचे पाय धरले होते."

"गेलेल्या माणसाचे पाय कशाला धरायचे?"

"कुणी तरी धरावं लागतं ना बेटी. बाईला चिरतेत आन् पाय धरायला कुणी न्हाई, असं कसं चालंल?" हमीदाबीचे डोळे भरून आले. "मी तुझ्या सासूला म्हणलं, अक्का, जरासं तूप लावते तिच्या पायाला, बाळंतीणच हाय ना ती. त्या म्हणल्या, मेलेल्या बाईला कशाचं तूप? तिला मागच्या वावरात कडुलिंबाखाली पुरलं आन् अक्कांनी लिंबापासून दारापर्यंत मुठी भरभरून मोहरी टाकली. बाळंतपणात गेलेली बाई माघारी येती म्हणतेत. पण वाटेवरचा एक एक दाणा वेचल्याबिगर तिला पुढं येता येत न्हाई."

"त्याला किती पावसाळे झाले, खाला. मुंग्यांनी नेली असंल, उगवून आली असंल..."

"तुझ्या पायाच्या मोहरीचं कानावर आल्यापासून तेच तर मी बी रातभर म्हणत होते."

कावेरी आपल्या तळव्यांकडं बघत राहिली. तूप पिवळंधमक चमकत होतं. हे पाय तिच्या अंगाला होते, पण दोन दिवस ते दुसरीच्या कामाला जात होते. ती दाण्यादाण्यानं जवळ येत होती. कशासाठी? झोळीतल्या बाळानं झोपेत ओठ चोखले आणि कावेरीनं झोळीची दोरी घट्ट धरली. मग तिला एक गोष्ट सुचली.

"खाला, त्या लेकराला कुठं पुरलं?"

हमीदाबीनं नुसती मान वळवली. मागचं दार उघडं होतं. दाराबाहेर, उंबऱ्याला लागून, जास्वंद लालभडक फुलली होती. तिच्या आळ्यातलं बाळाच्या अंघोळीचं पाणी अजून सुकलं नव्हतं.

मोहरी लिंबापासून इथपर्यंत होती. आई त्या टोकाला, लेकरू या टोकाला.

"खाला, तूप अजून लावा," कावेरी म्हणाली. "भरपूर लावा. मोजे नकोत."

"येड लागलं का तुला?"

"सांजला माझी पोर जाती. एक डाव हे पाय कुणाकडं जातेत ते मला जागेपणी बघू द्या. तुमी फक्त झोळीपाशी उभ्या राहा. मी जर... पाय जर झोळीकडं गेले, तर मला पाडा. टाके तुटले तर तुटू द्या."

हमीदाबीनं तिच्याकडं बघितलं, काहीतरी पुटपुटली आणि उरलेलं सगळं तूप दोन्ही तळव्यांना थापलं. मग ती झोळीसमोर जाऊन उभी राहिली, पदर कमरेला खोचून.

कावेरी बाज धरून उठली. "चल बाई," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते म्हटल्यावरच तिला कळलं. "कुठं जायचं ते दाव."

पाय हलले. भिंत धरायची गरज लागली नाही, टाक्यांना ओढ बसली नाही. पाय वळले आणि सरळ झोळीकडं निघाले.

"या अल्ला," हमीदाबी म्हणाली आणि तिनं दोन्ही हात आडवे केले. कावेरीला थांबायचं होतं. तिनं अंग मागं टाकलं, दातओठ खाल्ले, पण पाय आपले चालतच राहिले. झोळीपासून हातभर अंतरावर ते थांबले. टाचा हळूच उचलल्या गेल्या. पाय चवड्यावर उभे राहिले, जशी एखादी बाई दुसऱ्याच्या पाळण्यात वाकून बघते तसे. कावेरीला हमीदाबीचा श्वास ऐकू येत होता. खूप वेळ झाला असं वाटलं. मग टाचा खाली आल्या, पाय वळले आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

ऊन मी म्हणत होतं. माती तापून पांढरी पडली होती, पण तळव्यांना तिचा पत्ताच नव्हता. पाय लिंबाकडं गेले, लिंबाला वळसा घालून घराकडं परतले, आणि मग कावेरीला खाली बघायचा धीर झाला. वाटेवर काही दिसत नव्हतं, नुसती माती. तरी प्रत्येक पाऊल उचललं की तळव्याला चार-सहा काळे दाणे जास्त असायचे. पाय घाई करत नव्हते. कुठं थांबायचे, कुठं एक पाऊल बाजूला जायचे, सांडलेलं टिपायला जावं तसे.

घर जवळ आलं तेव्हा दारात नीलम्मा उभी होती. तिच्या कमरेवर मोहरीचा डबा होता आणि मूठ भरलेली होती.

"तिथंच थांब!" तिचा आवाज फाटला. "शिवकांता, पाया पडते तुझ्या, पुढं येऊ नको. नातीला हात लावू नको माझ्या!"

"टाकू नका आत्याबाई!" कावेरी ओरडली. "तिला माझं लेकरू नको. आत्ता झोळीपाशी उभी राहून आली ती. हमीदाखालाला विचारा. तिला तिचं पाहिजे!"

नीलम्माची मूठ वर गेलेली होती. तिच्यामागून हमीदाबी आली, बाळाला छातीशी घेऊन. "खरं हाय, अक्का. बघितलं आन् माघारी फिरली."

पाय थांबले नव्हते. नीलम्मा आणि ते पाय यांच्यात आता फक्त जास्वंद उरली. मुठीतून दोन-चार दाणे निसटून उंबऱ्यावर पडले. नीलम्मानं त्यांच्याकडं बघितलं, मग आळ्याकडं, जिथं सकाळी तिनं स्वतःच्या हातानं कोमट पाणी ओतलं होतं. रोज ओतत होती. नातीच्या अंघोळीचं पाणी नातवाला. तेवढ्यावर आपलं भागतंय असं तिला वाटत होतं. तिनं मूठ उघडली नाही. ती तशीच छातीशी दाबून धरली आणि डबा घरात, पाठीमागं, सरकवून दिला. मग खाली वाकून उंबऱ्यावरचे दाणेही उचलून घेतले.

पाय आळ्यात शिरले. ओल्या मातीत दोन्ही तळवे टेकले, गुडघे आपोआप वाकले आणि कावेरी खाली बसली, मांडी घालून, कुणी काही हातात द्यावं तशी ओंजळ उघडून. तिनं काही केलं नव्हतं. ओंजळीत काही नव्हतं. पण थोडा वेळ ती जड झाली, एवढ्याशा लेकराएवढी जड, आणि मग हलकी झाली. वारा नसताना जास्वंदीचं एक फूल गळून मातीत पडलं.

नंतर कावेरीला जे आठवलं ते म्हणजे आग. मांडी सोडून तिनं पाय बाहेर टाकले, टाचा आळ्याबाहेरच्या तापल्या फरशीला लागल्या आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली. टाके ताणले, पोटात कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं. बाळही दचकून रडायला लागलं. कावेरी रडता रडता हसत होती. "भाजतंय! खाला, पाय भाजतायत माझे!"

तळवे कोरे होते. एक दाणा उरला नव्हता, नुसतं तूप.

हमीदाबीनं बाळ कावेरीच्या मांडीवर दिलं आणि आत जाऊन काशाची वाटी आणली. ती खाली बसणार तोच नीलम्मानं तिच्या हातातून वाटी घेतली. त्या बाईनं आयुष्यात सुनेच्या पायाला हात लावला नव्हता. ती उन्हातच उकिडवी बसली, कावेरीचे दोन्ही पाय तिनं मांडीवर ओढून घेतले आणि वाटी फिरवायला लागली, वेड्यावाकड्या हातानं, कारण तिची सवय पोटाची, पायाची नव्हे. तूप आधी करडं झालं, मग काळं. काळे ओघळ घोट्यावरून तिच्या लुगड्यावर उतरले.

"दुखलं का गं?" ती खाली मान घालून म्हणाली. "लई दुखलं का, शिवकांता?"

हमीदाबीनं चमकून कावेरीकडं बघितलं. कावेरीनं बाळाला पदराआड घेतलं होतं. तिचे तळवे आगीसारखे जळत होते.

"न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "आता न्हाई दुखत."